वर्नाची कटकट

पास्को नवरा-बायकोची गाडी पार्कात शिरली की मंडळी खुर्च्या पुढं सरकवायची. ऑस्ट्रेलियातल्या नलारबॉरच्या ओसाड माळाअलीकडं, समुद्राच्या काठाला, ते लहानसं कॅरव्हॅन पार्क, म्हणजे गाडीमागं ओढून न्यायची चाकांवरची घरं लावायचा तळ. दुपार कलली की तिथली सगळी पेन्शनर जनता घडीच्या खुर्च्या टाकून बाहेर बसते, हातात बिअर, मांडीवर चीज-बिस्किटांची ताटली. नवं बिऱ्हाड आलं की ते उलटी गाडी घेत कॅरव्हॅन जागेवर कशी बसवतंय, हे बघायचं. याच्यासारखी करमणूक नाही बघा. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांना मोठ्यानं हाक मारली नाही, तीही जोडपी त्या तेवढ्या वेळात घटस्फोटापर्यंत जाऊन येतात.

त्यात वर्ना पास्कोचं नाव तर पार वाळवंट ओलांडून गेलेलं. हातात गाडीतल्या माणसाशी बोलायचा छोटा रेडिओ धरून ती मागं उभी राहायची आणि नवऱ्याला झोडपायची.

"डावीकडं, लिंडसे! घड्याळाचा हात, तो डावा! हळू... अरे नळ आहे तिथं, नळ! नळाला काय मिठी मारतोस?"

रेडिओवर सगळ्या कॅरव्हॅनवाल्यांची वाहिनी एकच. त्यामुळं ही बोलणी पार्कभर ऐकू जायची आणि हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही. एकानं मध्येच विचारलं होतं, "आजी, माझीपण लावून देता का?"

लोक हसायचे. लिंडसेही हसायचा. वर्ना तेवढी हसायची नाही.

मुळात ही बाई अशी नव्हती हो. मूंटा गावात सारा संसार झाला, पण शेजारणीला तिचा आवाज धड ओळखू आला नसता. लिंडसे तिथल्या धान्याच्या कोठारावर कामाला. निवृत्त झाला, तसं दोघांनी घर विकून ही गाडी आणि कॅरव्हॅन घेतली आणि निघाली देश बघायला. तेव्हा वर्ना मागं उभी राहून नुसते हात हलवायची आणि लिंडसे लोण्यात सुरी घालावी तशी कॅरव्हॅन आत सारायचा.

मग गेल्या हिवाळ्यात एकदा तिनं 'थांब' म्हणून दोन्ही पंजे वर केले आणि कॅरव्हॅन येतच राहिली. ती बाजूला उडी मारून वाचली.

"आरशात ऊन होतं," लिंडसे म्हणाला.

आभाळ ढगाळ होतं. वर्ना म्हणाली, "डोळे दाखवू या."

"दाखव की. डॉक्टर लायसन काढून घेईल. मग राहशील कुठं? रस्त्याच्या कडेला झाडाखाली?"

 मूंटाच्या घरात आता दुसऱ्याची पोरं खेळत होती. मुलगा लांब डार्विनला, त्याच्याच घरात पाय ठेवायला जागा नाही. एवढं धूड मागं जोडून गाडी चालवायची तिची छाती नव्हती. बोलावं तर घर जाणार, गप्प बसावं तर एखाद्याचा जीव. म्हणून तिनं रेडिओ घेतला. लोकांना वाटावं बाई कटकटी आहे. म्हातारा आंधळा होत चाललाय, असं वाटू नये. रस्त्यावरही तेच. "पुढं ट्रक आहे." "कांगारू, उजवीकडं." लिंडसे म्हणायचा, "दिसतोय मला!" शेजारी निळाशार समुद्र पळायचा आणि वर्नाची मान काही तिकडं वळायची नाही.

तर त्या दिवशी खुर्च्यांतून डेस ओरडला. डेस म्हणजे जुना मेंढ्या कातरणारा, जीभही कात्रीसारखीच. "लिंडसे, त्या रेडिओचं तोंड बंद कर की एकदा! पुरुषासारखी लाव!"

लिंडसे रंगात होता. त्यानं खिडकीतून गाडीतल्या रेडिओचा माईक बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं आणि बटण बंद केलं. टाळ्या पडल्या.

कॅरव्हॅन मागं यायला लागली. नळाजवळच्या ओल्या वाळूत डेसची म्हातारी कुत्री टॉफी झोपली होती. वर्नानं दोन्ही हात वर केले. चाक येतच होतं. ती ओरडली; इंजिनात आणि टाळ्यांत कुणाला ऐकू जातंय? मग तिनं हातातला रेडिओच कॅरव्हॅनच्या पत्र्यावर दाणदाण आपटला. चाक थांबलं. टॉफी उठली, अंग झाडलं आणि दुसरीकडं जाऊन पडली.

"आता मारायलाच लागली की रे!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे खिदळले.

लिंडसेनं डोकं बाहेर काढलं. "काय भूत शिरलं का तुझ्यात?"

हसण्यावारी गेलं होतं. एक चांगली शिवी हासडली असती की सगळं झाकलं असतं. तिनं त्यासाठीच तोंड उघडलं, आणि शिवी काही येईना.

"त्याला दिसत नाही," ती म्हणाली. "मी हात वर करून उभी होते. त्याला दिसतच नाही."

डेसनं बिअर खाली ठेवली. लिंडसे खाली उतरला, तिच्याकडं न बघता किल्ली तिच्या हातात ठेवली. "घे. ने आता कुठं न्यायचं तिथं." आणि समुद्राकडं चालू लागला. कॅरव्हॅन डेसनं लावून दिली.

सकाळपासून ती जागा दुसऱ्या कुणी आधीच राखून ठेवलेली, म्हणून निघणं भाग. जवळचा डॉक्टर सेडुना गावात. वर्ना चाकामागं बसली, सीट पुढं ओढली. आणि काय सांगू, ते तमासगीर पार्क, पण एकही माणूस बाहेर नव्हतं. पडदे ओढलेले. डेस कुत्री घेऊन किनाऱ्यावर गेलेला, पाठ करून.

कॅरव्हॅन मागून हिसके देत होती. थांबावं म्हटलं तर कडेची माती भुसभुशीत, मागं ट्रक लागलेले. इतके दिवस ती बाजूच्या सीटला बांधलेली होती, आता या सीटला. बदल एवढाच.

लिंडसे टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. तसाच म्हणाला, "समोरून काय येतंय?"

"ट्रक."

"केवढा?"

"तीन डब्यांचा."

"मग चाक घट्ट धर. वारा ओढेल. ब्रेक मारू नको."

ट्रक धडधडत गेला. कॅरव्हॅन डुलली आणि सावरली. 

"गेला?" त्यानं विचारलं.

"एक गेला," ती म्हणाली. "दुसरा येतोय."