पिरोटनचा चिखल

शाळेत मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर ऑक्टोपस काढायची, त्याचे आठ हात मुलींकडून मोजून घ्यायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकीने विचारलं, "बाई, तुम्ही खरा पाहिलाय?" मी पटकन "हो" म्हणून गेले. मी बडोद्यात वाढलेली. समुद्र पाहिला तो सुट्टीत, तोही किनाऱ्यावर भेळ खात. पण एकदा हो म्हटल्यावर दरवर्षी तेच सांगत राहिले: मोठा, तांबडा, खोल पाण्यात राहणारा.

निवृत्त झाले, दोन्ही गुडघे बदलून झाले, आणि मी घरात जाहीर केलं, "मला पिरोटनला जायचंय." जामनगरच्या समोरचं हे छोटं बेट. ओहोटीला तिथले प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि डबक्याडबक्यांतून समुद्री जीव चालत जाऊन बघता येतात.

मिस्टर रेल्वेतून निवृत्त झालेले. कुठल्याही बेतातली अडचण त्यांना आधी दिसते. म्हणाले, "चिखल असतो तिथे. फतेगंजच्या फुटपाथवरसुद्धा तू माझा हात धरून चालतेस."

"मग सराव करते."

बडोद्यातल्या समा भागात आमच्या सोसायटीच्या बागेत एक वाफा रिकामा होता. माळ्याला सांगून त्यात रोज पाणी सोडवून घेतलं आणि काठी घेऊन सकाळी अर्धा तास त्या रेंद्यात चालू लागले. समोरच्या बेन गॅलरीतून विचारायच्या, "शुं करो छो, टीचर?" मी म्हणायची, "दरिये जवानी तैयारी," समुद्रावर जायची तयारी. पहिल्या आठवड्यात दोनदा पडले. घरी एकदाच सांगितलं.

जानेवारीत गेलो. वनखात्याची परवानगी हातात होती, पण वारा असा सुटला की होड्या निघाल्याच नाहीत. दोन दिवस वाट पाहून परतलो. गाडीत मिस्टरांनी विचारलं, "आता समाधान झालं ना?"

"फेब्रुवारीतल्या भरतीच्या वेळा काढून ठेवल्यात मी," म्हटलं.

फेब्रुवारीत समुद्र शांत होता. सकाळी भरतीच्या पाण्यावर होडी सुटली. मिस्टरांना लगेच मळमळू लागलं. ते कठड्याला धरून बसले. तेवढ्यात त्यांनाच सगळ्यांच्या आधी डॉल्फिनची पाठ दिसली. "अगं, ते बघ!" असे ओरडले, आणि ओकले.

बेटाशी पोचलो. पाणी ओसरत गेलं तशी होडी चिखलात टेकली. शिडीवरून उतरल्यावर आमच्या गटाच्या गाइडने माझी काठी पाहिली. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. म्हणाला, "बा, तमे अहीं ज बेसो. आगळ बहु कादव छे." पुढे फार चिखल आहे, इथेच बसा, असं त्याचं म्हणणं.

"बेसवा नथी आवी, भाई," मी म्हटलं.

तो पुढे चालू लागला. सोसायटीतला चिखल म्हणजे काहीच नाही, हे मला दहाव्या पावलाला कळलं. पाय पोटरीपर्यंत आत जाई आणि बूट आतच राहायला बघे. थोड्याच वेळात एक पाय रुतला तो निघेना, आणि मी कुशीवर पडले. मिस्टर धावत आले. "पुरे झालं, परत चल."

"आधी उभं करा मला."

उभी राहिले. तोंड खडकांकडे करायला मला विचार करावा लागला नाही. गाइड मागे फिरून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, माझ्या पावलांतच पाऊल टाका. तो हळू चालला. बाकीची मंडळी पुढे निघून गेली.

शेवटी खडक लागले. एका डबक्याशी गाइडने बोट दाखवलं. मला वाकता येईना, म्हणून सरळ पाण्यातच बसले. दिसत काहीच नव्हतं, नुसता करडा दगड. मग दगडाला डोळा असल्याचं लक्षात आलं. तळहाताएवढा ऑक्टोपस. तो हलला, वाळूवर आला आणि बघता बघता वाळूच्या रंगाचा झाला. टीचभर पाण्यात होता तो.

"इतकी वर्षं चुकीचं सांगितलं मी मुलींना," मी मिस्टरांना म्हटलं.

"कुणाला कळलंय?"

"मला कळलं की."

लाज वाटली, पण उठावंसं वाटेना. ऑक्टोपस फटीत शिरेपर्यंत बघत राहिले.

दुपारनंतर पाणी चढलं, होडी तरंगू लागली. शिडीवर मात्र माझे गुडघे वळेचनात. दोघांनी वरून ओढलं, एकाने खालून रेटलं, आणि मी पोत्यासारखी आत येऊन पडले. पुढे तीन आठवडे सूज उतरली नाही, डॉक्टरही रागावले. त्या वेळी मात्र काही दुखत नव्हतं. मिस्टर समोर बसले, माझे चिखलाचे बूट काढले आणि स्वतःच्या शालीने माझे पाय पुसू लागले. चार लोकांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मीही नको म्हटलं नाही.