काकांची परीक्षा आणि आमची तयारी

आमच्या घरात 'परीक्षा' हा शब्द कानावर पडला की वडिलांचं डोकं ठिकाणावर राहत नसे. ते शाळामास्तर. त्यामुळे दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "तुमच्या भावाची मानसशास्त्रीय परीक्षा करून घेऊ," तेव्हा दुखणं बाजूला राहिलं आणि घरात अभ्यास सुरू झाला.

माझे हे काका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढत. चौकटीच्या कागदावर अर्धं फूल काढायचे, उरलेलं अर्धं मागावर उलटून यायचं. चार महिन्यांपूर्वी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. जेवेनात, बोलेनात. फार विचारलं तर एवढंच, "सारकं म्हनत्यात, तू कामाचा न्हायस." एका डॉक्टरांना हा भास होण्याचा मोठा आजार वाटला, म्हणजे पुण्याला, वेड्यांच्या इस्पितळात. दुसऱ्यांना वाटलं, माणूस मनातून खचलाय. घरी राहून गोळ्यांनी बरा होईल. खरं काय ते या परीक्षेवरून ठरणार होतं. काकू तोवर ट्रंक दोनदा भरून दोनदा रिकामी करून बसली होती.

वडिलांनी ठरवलं, भाऊ पास झालाच पाहिजे. शाळेतून आले की काकांना समोर बसवायचे. शंभरातून सात-सात वजा करत ये. पंतप्रधान कोण? शेजारच्या कंपाउंडरनं कुठूनशी बातमी आणली की तिथं अर्धवट वाक्यं पुरी करायला देतात, शाईचे डाग दाखवतात, आणि डागाला 'फुलपाखरू' म्हटलं की माणूस शहाणा. झालं! काका आठ दिवस फुलपाखरू घोकत होते. मी तेव्हा कॉलेजात, म्हणजे अर्थातच सर्वज्ञ. वाक्यांची उत्तरं मी लिहून दिली. 'घरी मला आनंद वाटतो.' 'माझं काम मला आवडतं.' खोटं लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. आज त्याची लाज वाटते.

परीक्षेच्या सकाळी आईनं काकांच्या हातावर दही-साखर ठेवली. वडिलांनी त्यांच्या खिशाला दोन पेनं लावली; एकाची शाई संपली तर! सोबतीला मी.

परीक्षा घेणाऱ्या बाई महिन्यातून एकदा पुण्याहून येत. काका मला सोडेनात, म्हणून त्यांनी मला दाराशी बसू दिलं. काका सुटले ते थांबेचनात. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. वाक्यं माझीच, शब्दही न बदलता. पहिला डाग फुलपाखरू. दुसरा फुलपाखरू. तिसरा कागद बाईंनी उचलायच्या आत फुलपाखरू. मी खूश!

बाईंनी कागद खाली ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघा, इथं पास-नापास नसतं. पण तुम्ही असेच पास होत राहिलात तर मला तुमचं दुखणं कळणार नाही. मग औषध भलत्याच आजाराचं मिळेल."

काका त्या डागाकडे बघत राहिले. मग मधल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो कागद दुमडून केलाय. नक्षी अर्दीच हाय." कागद बाजूला सारून म्हणाले, "ह्ये समदं घरच्यांनी पाट करून घेतलंय, बाई. आता माजं सांगू का?"

चार महिन्यांत काका इतकं बोलले नव्हते. बाईंनी विचारलं, कामाचा नाहीस असं कोण म्हणतं? काका म्हणाले, "कोन म्हननार? मीच की. दुसऱ्या कुनाचा आवाज न्हाय त्यो." मला रडू आवरेना, म्हणून मी व्हरांड्यात गेले. बाईंनी दुपारभर सगळं पहिल्यापासून घेतलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, भास नाहीत, उदासीचा आजार आहे. पुणं टळलं. आम्ही घरी पोचलो तर वडील दारातच उभे, मागे काकू.

"किती बरोबर आलं?" वडिलांनी विचारलं.

"तू शिकिवल्यालं समदं चुकलं, दादा," काका म्हणाले. "घरीच ऱ्हायाचं हाय मला."

उभ्या जन्मात नापास पोराशी धड न बोललेले माझे वडील, भर दारात भावाच्या गळ्यात पडून रडले.