काम थांबवणाऱ्या अक्का

विमलअक्कांच्या पॅकहाउसमध्ये मालकिणीची खुर्चीच नव्हती. सावद्याजवळचं मोठं पत्र्याचं शेड, केळी धुऊन खोक्यांत भरून परदेशी पाठवण्याचा धंदा, आणि अक्का रोज सकाळी वेगळ्याच बाईला उठवून तिच्या जागी कामाला लागायच्या. जळगावची नोकरी सोडून मी त्यांच्याकडे माल तपासायला आलो, तेव्हा हौदाशी बसलेल्या बाईला विचारलं, "मालकीणबाई कुठे भेटतील?" केळ्यांची फणी धुता धुता ती बाई म्हणाली, "भेटल्या. आता बाजूले सरका, उजेड अडवू राह्यले तुम्ही."

ही रोजची बैठक काही कौतुकासाठी नव्हती. "अथी बसून माही कंबर दुखली," हौदाशी मंगलाबाईंच्या जागेवरून उठताना त्या एकदा म्हणाल्या. "मंगलाची तर रोजच दुखत असंल. दुखऱ्या कंबरेच्या बाईले डाग कुठी दिसतो?" दुसऱ्याच दिवशी गवंडी आला, हौदाचा कठडा उंच झाला, बायका उभ्याने काम करू लागल्या आणि डागी माल निम्म्यावर आला. बाकीचे व्यापारी अशा वेळी बायकांवर ओरडतात. ओरडण्याला गवंडी लागत नाही, ते स्वस्त पडतं.

जळगावला एकदा उद्योजकांचं शिबिर होतं. जपानी कारखान्यांत कोणताही कामगार दोरी ओढून सगळं काम थांबवू शकतो, असं तिथे सांगितलं गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, जेवण केलं आणि घरी गेले. अक्का मात्र भुसावळच्या भंगारवाल्याकडून रुळाचा तुकडा घेऊन आल्या आणि शाळेतल्या घंटेसारखा शेडच्या मधोमध टांगला, वाजवायला शेजारी एक जाड बोल्ट ठेवला. नियम एकच. चूक दिसली की कोणीही टोल द्यायचा आणि टोल पडला की सगळ्यांनी हात थांबवायचे. "काम काहून थांबवलं, असं कोनी इचारायचं नही," अक्कांनी बजावलं. "काय दिसलं, एवढंच इचारायचं." शेजारचे व्यापारी जाता-येता हसायचे, "काय अक्का, शाळा सुटली का?"

एका मोठ्या निर्यातदाराची वर्षभराची ऑर्डर मिळायची होती, त्या दिवसाची गोष्ट. त्यांचा माणूस समोर उभा होता, कंटेनर जवळजवळ भरला होता. आणि मंगलाबाईंनी टोल दिला.

अक्का गेल्या. "काय दिसलं?"

मंगलाबाईंनी फणी पुढे केली. एका केळाच्या कडेला पिवळट झाक होती. बाहेरच्या माणसाला ती दिसलीही नसती. पण या धंद्यात हिरवंच केळ बोटीत चढायला हवं. खोक्यात एक पिकायला लागलं की शेजारची पिकतात आणि तिकडे कंटेनर उघडला की नुसता चिखल. माल होता वसंतभाऊंचा, अक्कांच्या सख्ख्या भावाचा. वजन वाढावं म्हणून त्यांनी घड जास्तच दिवस झाडावर ठेवले होते. त्यांची निम्मी खोकी कंटेनरमध्ये गेलेली होती आणि भाऊ तिथेच उभे होते.

"एका फणीसाठी भरलेला माल उतरवता?" निर्यातदाराचा माणूस म्हणाला. "जाऊ द्या. विमा आहे."

"इमा तुमचा हाय. खोक्यावर नाव माह्यं हाय."

"मग पुढची ऑर्डर विसरा."

"विसरली," अक्का म्हणाल्या. "उतरवा रे."

वसंतभाऊ पुढे आले. "बहीनच भावाचा माल बाद करू राह्यली?"

"भावाचं केळ काय बोटीत हिरवं राह्यतं?" अक्का म्हणाल्या आणि पहिलं खोकं स्वतः उचललं.

तो हंगाम फार ओढाताणीत गेला. मी तर मनातून त्यांच्यावर चिडलोच होतो. अक्कांनी आपली मोटार विकली, पण एकाही बाईला घरी बसवलं नाही. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वसंतभाऊ त्यांना माहेरी न्यायला यायचे, त्या वर्षी आले नाहीत. अक्कांनी वाट पाहिली नाही. आंब्यांची पिशवी घेऊन एसटीने एकट्याच गेल्या. दारात भावजय गोंधळली, तर म्हणाल्या, "बोलावनं आलं नही, पन माहेर तर जागेवरच हाय ना?" पुरणपोळी खाल्ली, पोरींबरोबर झोक्यावर बसल्या. भाऊ दिवसभर शेतातून परतलेच नाहीत. हे अक्कांनीच आम्हाला हसत सांगितलं, पण त्या दिवशी कोणत्याच जागेवर कामाला लागल्या नाहीत.

पुढच्या हंगामात वसंतभाऊंचा ट्रक शेडसमोर उभा राहिला. भाऊ उतरले, कोणाशी न बोलता आत आले आणि त्यांनी रुळावर टोल दिला. सगळे हात थांबले. अक्का हौदापासून बाजूला झाल्या, पदराला हात पुसले आणि कोणालाही विचारतात तसंच विचारलं, "काय दिसलं?"

"मागच्या बाजूचे घड जास्त भरेल हायेत," भाऊ म्हणाले. "मीच पाह्यले. तेवढे वापस नेतो."

"बरं," अक्का म्हणाल्या. "चहा पिऊन जा."

अक्का आता नाहीत. मी धुळ्याला एका तेलाच्या कारखान्यात व्यवस्थापक आहे. आल्या आल्या मी इथेही रुळाचा तुकडा टांगला. मालकांनी तो काढायला दोनदा सांगितलं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. मी काढलेला नाही. काढायचाच असेल तर आधी मला काढावं लागेल, हेही सांगून झालं आहे.

परवा मालक गिऱ्हाइकांना कारखाना दाखवत होते आणि डबे भरणाऱ्या एका नव्या बाईने टोल दिला. यंत्रं थांबली. मालकांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ती बिचारी हातातला बोल्ट घट्ट धरून उभी होती. मी मालकांच्या समोरून चालत तिच्याकडे गेलो आणि विचारलं, "काय दिसलं?"