दुपारचं पाणी

माझ्या थोरल्या नणंदबाई, नेटी, उत्तरेच्या बर्फाळ मुलखात चिटिना नदीवर नाव चालवायच्या. मूस या थोराड हरणाच्या कातड्याची नाव, त्यांनीच शिवलेली. हिमनदीचं पाणी पहाटे उतरतं आणि दुपारी उन्हानं बर्फ वितळला की चढतं. म्हणून दिवस वर आला की वन्सं सख्ख्या भावालाही पार नेत नसत.

एका उन्हाळ्यात डोंगरांचा नकाशा काढायला हॅल्डन नावाचा साहेब आला. सोबत वेब, त्याचा मदतनीस. अकरा दिवस ढग हटले नाहीत. बाराव्या दिवशी दुपारी पलीकडची शिखरं उघडी पडली, तसं साहेबानं आत्ताच पार न्यायला सांगितलं. वन्संनी नकार दिला. त्यानं मोजणीच्या तिपाईचा पाय उचलून त्यांच्या पाठीत घातला. वन्संनी वल्हं फिरवलं, ते त्याच्या कानशिलावर बसलं. रक्त पुसत त्यानं वेबला नावेत ढकललं आणि दोघंच निघाले.

मधल्या धारेत बर्फाचा तुकडा आदळला. कातडं टर्रकन फाटलं. वेब एकदाच वर आला. साहेब खडकाला लटकला. वन्संनी चामड्याचा दोर फेकला, आपलं टोक हाताला गुंडाळलं. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून मागं ओढत होते. दोर ताणला तशी त्यांची दोन बोटं सांध्यातून तुटली, पण दोर सुटला नाही.

काठावर येताच साहेबानं पाठीवरची पत्र्याची नळी उघडून आतले कागद भिजलेत का ते पाहिलं.

"आधी वेबला हाक मार," वन्सं म्हणाल्या.

"तो गेला. हे तीन महिन्यांचं काम आहे, बाई."

वन्संनी नळी हिसकावून धारेत भिरकावली. त्यानं पिस्तूल काढलं. मी कुऱ्हाड उचलली.

"मार की," वन्सं म्हणाल्या. "मग परतीची वाट कुठल्या कागदात बघशील?"

पिस्तूल खाली गेलं. लाल तापवलेल्या सुरीनं मी वन्संचा हात डागला. त्या माझ्या खांद्याला चावल्या. तो वण अजून आहे.

साहेबाला मीच खालच्या वस्तीपर्यंत पोचवलं. वेब शरदात सापडला, वाहून आलेल्या ओंडक्यांत अडकलेला. त्याला आम्हीच पुरलं.

पुढल्या वर्षी दुसरे मोजणीवाले आले. वन्संनी पहाटेची वेळ सांगितली, कुणी हुज्जत घातली नाही. वल्हं आता त्यांच्या हातात ठरत नव्हतं. नवी शिवलेली नाव मी हाकली, आणि पुढ्यात बसून त्या पैलतीरापर्यंत मला शिव्या घालत होत्या.