मांडीतली कळ
निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला पन्नासच्या दशकातला चाकणचा माझा दवाखाना आठवतो. मी तिथे नवाच डॉक्टर होतो. बाजारचा दिवस होता, सकाळपासून रोगी तपासून मी पार दमलो होतो. शेवटी एक सून काडीसारख्या वाळलेल्या सासूला घेऊन आली. "दुखतं कुठं, आजी?" मी विचारलं. "मांडीच्या आतून कळ गुडघ्याला जाती. दोन दिस ओकतीया बी," म्हातारी म्हणाली. सून म्हणाली, "वाताचं हाय. आमी निलगिरीचं तेल चोळतोय." मलाही ते पटलं. पोटाला हात न लावताच मी गोळ्या देऊन त्यांना पाठवलं. तिसऱ्या दिवशी म्हातारी पोट फुगून परत आली, तेव्हा मी तिला पुण्याला नेलं. सर्जनने पोट उघडून दाखवलं, ओटीपोटाच्या हाडातल्या छोट्या भोकात आतडं अडकून काळं पडलं होतं. तिथलीच नस दाबली जाऊन मांडी दुखत होती. असा हर्निया त्यांनीही क्वचितच पाहिला होता. म्हातारी वाचली नाही. "डाक्तर, तुमी लई धावपळ केलीत," सून हात जोडून म्हणाली. मी मान खाली घातली. आज इतक्या वर्षांनी वाटतं, तिला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.