उतरणीवरचं दुसरं टोक

नाल्याचा आलेख मला फार आवडतो. पाऊस पडल्यावर पाणी कसं चढलं, कुठवर गेलं आणि किती वेळात ओसरलं, हे एका रेघेत कळतं. पण ही रेघ ज्याच्यामुळे खरी ठरते, त्या माणसाला मी आधी किंमतच दिली नव्हती.

भोपाळला कोटरा सुल्तानाबादच्या एका नाल्यावर पायपूल व्हायचा होता. त्याची उंची माझ्या आलेखावरून ठरणार होती आणि पलीकडच्या वस्तीतली बायका-मुलं रोज त्यावरून ये-जा करणार होती. नाल्यातल्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचायचं काम आमच्या ऑफिसातल्या एका काकांकडे होतं. नागपूरकडचे, निवृत्तीला आलेले. दर पंधरा मिनिटांनी आकडा बघायचा, पेन्सिलीनं वहीत लिहायचा. बाकीचे पाऊस थांबला की वही मिटून चहाला जात. हे मात्र पाणी पुरतं उतरेपर्यंत जागचे हलत नसत.

त्यांच्या एका नोंदीत पाऊस थांबून अर्धा तास झाला होता, पाणी उतरायला लागलं होतं आणि मध्येच एक आकडा पहिल्या टोकाच्याही, म्हणजे भर पावसातल्या सगळ्यात उंच आकड्याच्याही, वर. मी शहाणी! लिहिताना चूक झाली असेल म्हणून तो सरळ खोडला. रेघ छान गुळगुळीत झाली.

काकांनी कागद पाहिला. "इथलं दुसरं टोक कुठं गेलं जी, मॅडम?"

"पाऊस थांबल्यावर पाणी इतकं कसं चढेल, काका?"

त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या पावसात मला सोबत घेऊन गेले. पाऊस थांबला, पाणी उतरू लागलं, तशी मी छत्री मिटून निघाले.

"रुका मॅडम. वरच्या कॉलन्यांचं पाणी अजून यायचं आहे."

वीसेक मिनिटांत ते आलं. मोजपट्टीवरचे आकडे एकामागून एक बुडाले. माझ्या रेघेवरून बांधलेला पूल त्या वेळी पाण्याखाली असता आणि पाऊस थांबला म्हणून माणसं नेमकी तेव्हाच घराबाहेर पडत होती. काका शांतपणे आकडा लिहीत होते. इतका आदर मला माझ्या कुठल्या प्राध्यापकांबद्दलही कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुधारलेला आलेख साहेबांकडे नेला. ते वैतागले. "एका आकड्यासाठी पूल उंच करायचा?"

"हो सर," मी म्हणाले. "तो काकांनी काठावर उभं राहून लिहिलाय. मी खुर्चीत बसून खोडला होता."