ट्रॅक्टरचं नाक

"आधी त्याचं नाक, मग आपलं पोट."

रेवणप्पा हे इतक्यांदा म्हणायचा, की त्याच्या पाठीमागे गाव नाक धरून दाखवायचं. शेतातून आला की भाकरीकडं न बघता तो ट्रॅक्टरपुढं बसायचा आणि एअर फिल्टरच्या तळाची वाटी सोडवायचा. जुना ट्रॅक्टर, त्याला आजच्यासारखा कागदाचा फिल्टर नाही. हवा आधी वाटीतल्या तेलावर आपटते, धूळ तिथंच अडकते, मग वरच्या तारेच्या जाळीतून हवा इंजिनात जाते. दिवसभरात त्या तेलाचा चिखल होतो. तो काढायचा, वाटी डिझेलनं धुवायची, आतल्या रेघेपर्यंत नवं तेल घालायचं.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आमचं गाव. इथली काळी माती वाळली की पिठासारखी उडते. ट्रॅक्टरला वाटी होती, रेवणप्पाला नव्हती. मळणीयंत्राच्या भुश्शात उभं राहून राहून त्याची छाती भरली. औंदा बांधापर्यंत चालला तरी बसावं लागायचं. लातूरच्या डॉक्टरांनी धुळीत जाऊच नका म्हणून बजावलं.

मुलगा संगमेश्वर ऊसतोडणीच्या यंत्रावर कर्नाटकात. तो फोनवर म्हणाला, "ट्रॅक्टर इकून टाका, अप्पा. निलंग्याचं गिऱ्हाईक हाय."

सून अंबिका आतून म्हणाली, "इकायचं कशाला? मी चालवते की."

रेवणप्पा बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "ह्या सुगीत चालवून दाखव. जमलं तर ऱ्हाईल, न्हाईतर जाईल."

स्टिअरिंग त्यानं दिलं. वाटी मात्र दिली नाही.

खंडेनवमीला त्याला धाप लागली, बाजेवरून उठवेना. अंबिकानं एकटीनं ट्रॅक्टर धुतला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. वाटीही धुतली, लख्ख केली आणि तेल भरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या रानात, रेवणप्पाच्या ट्रॅक्टरवर, सोयाबीनची रास करायची होती. बनीम, म्हणजे कापून रचलेली गंज, उघडली, ताडपत्री ओढून घेतली. रेवणप्पा लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लिंबाखाली बसला होता. अंबिकानं ट्रॅक्टर चालू केला, मळणीयंत्र फिरू लागलं आणि आवाज चढला. चढतच गेला. धुराड्यातून निळापांढरा लोट निघाला. तिनं बंद करायची दांडी ओढली, पण इंजिन ऐकेना. डिझेल तोडलं तरी ते वाटीतलं तेल पिऊन पळत होतं.

"उतर! पोरी, खाली उतर!"

बांधापर्यंत न चालणारा माणूस पळत आला. हवेच्या नळीवरची टोपी त्यानं उपटून फेकली, सीटवरच्या पोत्याची घडी नळीच्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरली. इंजिन गुदमरलं, थडथडलं, थांबलं.

मग तो भुईवरच बसला. त्याच्या छातीतली शिट्टी आम्हाला ऐकू येत होती.

"कितीक घातलंस?"

"काठोकाठ, मामा. सणाच्या दिवशी भांडं अर्धं कसं ठेवायचं?"

रेवणप्पा हसायला गेला आणि खोकत सुटला. "अगं, नाक हाय ते त्याचं. तू सवाष्णीगत त्याची वटी भरलीस व्हय!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अंबिका हसली नाही. तिनं किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. निलंग्याचं गिऱ्हाईक तिला डोळ्यांपुढं दिसत असावं.

त्यानं किल्लीकडं बघितलंच नाही. "वाटी काढ."

तिनं वाटी काढली, तेल ओतून टाकलं.

"जाळी बी काढ. निथळू दे चांगली. नळी पूस. घाई न्हाई." डोळे मिटूनच तो बोलत होता. ती नवं तेल घालू लागली, तेव्हा म्हणाला, "रेघ दिसती का?"

"दिसती."

"तिथं थांब. सण असू दे, सुतक असू दे, तिथंच थांब."

ती थांबली आणि वाटी त्याच्यापुढं धरली. खंडेनवमी सोडली, तर दुसऱ्या कुणी धुतलेली वाटी तो बोट घालून तपासल्याशिवाय बसवू द्यायचा नाही.

तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"लई दमलो, पोरी. भूक लागली. तू बसव ती, मी जेवतो जाऊन."

वाटीत न बघताच तो बांधानं निघाला. बाभळीपाशी टेकला, पुन्हा चालला. मी बनिमीपाशी उभा होतो. अंबिका रेघेपर्यंत भरलेली वाटी हातात धरून, तेल हिंदकळू न देता, तो घराच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.